दोन संगीतकार, एक पंचगंगा: काम वाटायचं कसं?

पंचगंगेवर दोन अंकी संगीत नाटक, समोर वीस-पंचवीस वादक आणि संगीतकार दोघे, एवढं ठरलं की भांडण चालीवरून होत नाही. कुणी काय करायचं यावरून होतं. कोल्हापुरातल्या हौशी संस्थेपुढे खरे रस्ते दोनच. प्रवेश वाटून घ्यायचे, नाहीतर एकाने चाली बांधायच्या आणि दुसऱ्याने वाद्यमेळ रचायचा. तिसरा, म्हणजे दोघांनी पहिल्या दिवसापासून एकाच पेटीपुढे बसायचं, हा बोलायला छान आहे. नोकरी आणि क्लास सांभाळणाऱ्यांना तो जमलेला मी पाहिला नाही.

प्रवेश वाटले की वेळ वाचतो. हक्काचा घोळही कमी, कारण कुठली चाल कुणाची हे स्पष्ट असतं. कुणाचं काम कुठलं हे वेगळं काढता येत नसेल, तर 1957 चा कॉपीराइट कायदा ती संयुक्त कृती धरतो. मग पुढे दोघांच्या संमतीशिवाय पान हलत नाही. शिवाय ही वाटणी विषयातच आहे. पंचगंगा होते ती पाच नद्यांची: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत प्रत्येक नदीला वेगळा हात लागला तर बिघडत नाही, उलट रंगत येते.

पण पावसाला प्रवेश कळत नाहीत. आमच्या एका प्रयोगात पहिल्याचा पाऊस काळी एकमधल्या, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गायलेल्या, मियाँ मल्हार या पावसाच्या रागात होता, दुसऱ्याचा पुढच्या प्रवेशात पांढरी चारमध्ये. मध्ये काळोख. तंबोऱ्याची पट्टी बदलेपर्यंत सगळं गप्प, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "पाऊस थांबला काय रं?"

चाल एकाची आणि वाद्यमेळ दुसऱ्याचा असेल तर असली फजिती टळते, कारण पट्टी आणि प्रवेशांमधले सांधे एकाच्या, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्या संयोजकाच्या, ताब्यात राहतात. काळी एकमध्ये पाश्चात्त्य पद्धतीने जुळवलेल्या व्हायोलिनच्या मोकळ्या तारेवर ना सा येतो, ना प. गायकाला अर्धा सूर वर चढवून पांढरी दोन घेतली की दोन्ही मोकळ्या तारांवर येतात आणि मोजकी व्हायोलिनंही भरून वाजतात. चाल बांधणाऱ्याला हे सहसा सुचत नाही.

हलगीचंही तसंच. दमट हवेत तिचं कातडं उतरतं, ती शेकावी लागते. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. त्यानंतर विंगेत काडी ओढायचं कुणी नावही काढू नये. म्हणजे हलगी मध्यंतरात बाहेर अंगणात शेकून आणायची आणि तिचं मुख्य काम दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच लिहायचं. हा विचार संयोजकच करतो.

या पद्धतीचा तोटा म्हणजे मियाँ मल्हारातला झुलता कोमल गंधार. कागदावर उतरला की पाच व्हायोलिनं तो पाच तऱ्हांनी झुलवतात, आणि कीबोर्डवर तर तो सरळ उभाच राहतो. चालकाराने तालमीला येऊन तो गाऊन दाखवला नाही, तर मल्हार नावापुरता उरतो. वर संयोजकाचं नाव जाहिरातीत बारीक अक्षरात पडतं, आणि त्या रुसव्याने एखादी तालीम बुडतेच.

माझा कल अर्धा-अर्धा. पहिला अंक, संगमापर्यंतचा, प्रवेशांनी वाटा. पुराचा दुसरा अंक मात्र चाल आणि वाद्यमेळ असाच वाटा, आणि सगळा वाद्यमेळ एकाच हाताचा ठेवा. बाहेरचा संगीतकार पूर म्हटलं की पहिल्याच क्षणी ढोल बडवतो. आपल्याकडे पूर असा येत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. मधले चार फूट गाव रात्रभर मोजत बसतं. ती चढण शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत बसायची असेल तर ती मध्येच तुटून चालत नाही, आणि दोघांनी अर्धी-अर्धी लिहिली की ती तुटतेच.

करार करण्याआधी दोघांना एक संध्याकाळ बसवा. नाटक नको, फक्त वळवाच्या पहिल्या सरीची दोन मिनिटं करायला सांगा, एक व्हायोलिन आणि एक हलगी देऊन. कोण आधी पट्टी विचारतो आणि कोण आधी गुणगुणायला लागतो ते बघा. दोघेही गुणगुणायला लागले, तर संयोजक तिसराच शोधावा लागेल.