एनमॅप: फायरवॉलचा नियम गेस्ट वायफायवर बसून तपासा

मी म्हापशाला असतो, हॉटेलं नि गेस्टहाऊसची नेटवर्कं बघायचं काम, पाऊस ओसरला की सीझनच्या आधी सगळ्यांचे फोन एकदम सुरू होतात. एनमॅप, म्हणजे मशीनचे कोणते पोर्ट (सर्व्हिसची नंबर दिलेली दारं) उघडे आहेत ते तपासणारा प्रोग्राम, बरीच वर्षं वापरतोय, फुकट आहे, १९९७ पासूनचा आहे नि अजून अपडेट येतात. पण यंदा कळंगुटला जे बघितलं त्यानंतर म्हटलं लिहूयाच.

एका गेस्टहाऊसमधे पाहुण्यांचं वायफाय वेगळं, ऑफिसचं नेटवर्क वेगळं, मधे लिनक्सचा फायरवॉल, म्हणजे कुणाला जाऊ द्यायचं नि कुणाला अडवायचं ते नियमांनी ठरवणारा. आधीच्या माणसानं 'गेस्टकडून ऑफिसला बंद' असा नियम घातलेला, शेटना दाखवलेला पण. मी म्हटलं शेट, एकदा पाहुण्यांच्या बाजूनं बघूया. ते म्हणाले, "अरे बाबा, स्क्रीनवर नियम दिसता ना, मग आणखी काय बघणार?"

व्हरांड्यात बसून गेस्ट वायफायला लॅपटॉप जोडला, बिलिंगच्या पीसीचा आयपी दिला, तर एनमॅप म्हणतो होस्ट बंद दिसतोय. इथेच माणसं फसतात, वाटतं नियम चालला! एनमॅप आधी पिंग वगैरे करून मशीन चालू आहे का बघतो, विंडोजच्या फायरवॉलनं उत्तर दिलं नाही की पोर्ट तपासायला जातच नाही. म्हणून 'पीएन' ऑप्शन द्यायचा (पी कॅपिटल, एन स्मॉल), म्हणजे तो सरळ पोर्टच ठोठावतो. परत मारलं नि ओळ आली: ३३०६, ओपन, मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेसचा पोर्ट उघडा. पाहुण्यांची नावं, पासपोर्ट नंबर, बिलं, सगळं त्याच डेटाबेसात. शेट खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

कारण साधं निघालं. आयपीटेबल्स, म्हणजे तोच लिनक्सचा फायरवॉल, नियम वरून खाली वाचतो, पॅकेटला (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला) जो आधी जुळला तोच लागू. पाहुण्यांना बोर्डिंग पास प्रिंट करता यावा म्हणून कुणीतरी वरच अख्ख्या ऑफिस सबनेटला (ऑफिसच्या सगळ्या मशीनना) अलाऊ दिलेलं, खालच्या बंदीपर्यंत पॅकेट पोचतच नव्हतं. अलाऊ फक्त प्रिंटरच्या ९१०० पोर्टपुरता ठेवला, परत स्कॅन केला, आता ३३०६ 'फिल्टर्ड'.

मला सगळ्यात आवडतो तो 'रीझन' ऑप्शन, निकाल कशावरून काढला ते सांगतो. 'क्लोज्ड' म्हणजे समोरून नकार आला, बहुतेक वेळा पॅकेट मशीनपर्यंत पोचलं पण तिथे कोणी ऐकत नाही. 'फिल्टर्ड' नि 'नो रिस्पॉन्स' म्हणजे वाटेतच कुणीतरी गिळलं. नियम तपासताना हा फरक फार मोठा आहे, कारण क्लोज्ड बघून खूश झालात नि उद्या त्या मशीनवर सर्व्हिस चालू झाली तर दार उघडंच. आणखी एक, व्हर्जन स्कॅनमधे (पोर्टवर कुठलं सॉफ्टवेअर आहे ते ओळखताना) एनमॅप ९१०० आपणहून सोडतो, कारण काही प्रिंटर त्या पोर्टवर जे येईल ते कागदावर छापत बसतात. बनवणाऱ्यांनी किती विचार केलाय बघा.

एकच पोर्ट बघायचा तर नेटकॅट हा छोटा प्रोग्राम पुरे, झेड नि व्ही ऑप्शन, वर डब्ल्यू देऊन तीन सेकंदांची मुदत. पण नियम बदलण्याआधी जोडलेलं कनेक्शन चालूच राहू शकतं, कारण जोडलेल्यांना जाऊ द्यायचा नियम बहुतेक फायरवॉलमधे वरच असतो, तेव्हा जुन्या सेशनवरून निष्कर्ष काढू नका, नवीन जोडून बघा.

तक्रार एकच, यूडीपी (आधी कनेक्शन न जोडता पॅकेट पाठवायची पद्धत) स्कॅन भयंकर हळू. लिनक्स मशीन 'पोर्ट बंद' हे उत्तर सेकंदाला साधारण एकच देतं, ६५,५३५ पोर्ट म्हटले की १८ तासांच्या वर जातात. मी ५३, १६१ असे मोजकेच देतो. वर बरेचदा 'ओपन किंवा फिल्टर्ड' असं अर्धवट उत्तर, त्यावर शेटना काय सांगणार?

माझ्याकडून पाचात साडेचार. मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय मात्र कुणाच्या नेटवर्कवर मारू नका. मी निकाल एक्सएमएलमधे सेव्ह करून शेटच्या ऑफिसात ठेवलाय, दिवाळीनंतर परत स्कॅन करून एनडिफ या एनमॅपच्याच तुलना करणाऱ्या प्रोग्रामनं दोन्ही फाइली लावून बघणार, मधे कुणी काही उघडलं असेल तर लगेच कळेल.