पुण्याला पाठवायचं की शाखेतच शिकवायचं?

आपल्या कोकणातल्या छोट्या सहकारी बँकेत शाखेत माणसं चार-पाच. त्यातलं एक तीन दिवस प्रशिक्षणाला गेलं की काउंटरवर रांग लागते. संचालक मात्र फी आणि भत्त्यावरच वाद घालतात. खरा खर्च त्या रिकाम्या खुर्चीचा असतो.

तरीही नियम बदलतात तेव्हा पुण्याला पाठवावंच. वैकुंठ मेहता संस्था आहे, रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी नेमता येतात, एकत्र किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. सोनेतारणाच्या नव्या नियमांत घरगुती गरजेच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५. हे नुसतं परिपत्रक वाचून डोक्यात बसत नाही. एकच अडचण: माणूस परत येतो आणि फाइल कपाटात जाते. दुसऱ्या दिवशी काउंटर उघडण्याआधी अर्धा तास त्याने बाकीच्यांना सांगितलं नाही, तर शिकला तो एकटाच.

पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कामं अडतात ती बहुतेक सातबाऱ्यावर, आणि ते पुण्यात कोण शिकवणार? मी कर्ज विभागात असताना एक आंबा बागायतदार जयगडहून एसटीने तीनदा आला. पहिल्यांदा सातबाऱ्यावरच्या सामाईक नावांची संमती नव्हती, मग इतर हक्कांत कुळाचं नाव निघालं, मग फेरफाराचा उतारा लागला. नवा क्लार्क हुशार होता, पण सातबारा वरून खाली कसा वाचायचा हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मग जुन्या अधिकाऱ्याने परत आलेल्या दहा फाइली घेऊन दोन संध्याकाळी त्याला बसवलं. पुढच्या अर्जदाराला त्याने सगळी कागदपत्रं पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिली. या शिकवणीला चहाचा खर्च आला. धोका एवढाच, की जुन्याची चुकीची सवयही नव्याला लागते.

ऑनलाइन व्हिडिओ? केवायसीची उजळणी होते, बस. मागे व्हिडिओ चालू आणि पुढे पासबुक भरणं चालू, असं मी पाहिलंय.

शिकवण्याचा उपयोग मोजायचा कसा, यावर माझं मत जरा वेगळं आहे. माणशी ठेवी किती, हा आकडा आपल्याकडे फसवा. ठेवी मुंबईच्या चाकरमान्यांच्या पैशावर वाढतात, क्लार्कच्या शिकण्यावर नाही. मुख्य कार्यालयातून किती फाइली परत आल्या आणि ग्राहकाला किती खेपा पडल्या, हे वहीत लिहा. शेरे तपासणी अहवालात जास्त असतील तर पुण्याची फी भरा. फाइली परत येत असतील तर शाखेतच बसवा.

काहीही निवडा, पण जून-जुलैत उरका. आंबा संपलेला असतो, मासेमारीही बंद असते. गणपतीच्या आदल्या आठवड्यात कुणाला प्रशिक्षणाला पाठवलंत, तर काउंटरवर स्वतः बसायची तयारी ठेवा.