पोर्शे ९१७ के, १/२४ कीट: दहा महिन्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकतो. हा कीट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायची, खरीच्या चोविसाव्या हिश्शाची छोटी रेसिंग गाडी, घ्या, पण इंजिनावरचं मागचं झाकण न चिकटवता ठेवणार असाल तरच. या डब्यातला सगळा जीव त्या झाकणाखाली आहे. नुसती लाल-पांढरी गाडी शोकेसमध्ये हवी असेल तर धातूची तयार डायकास्ट गाडी आणा. स्वस्तात सुटाल आणि घरात शांतता राहील.

माझा डबा गुढीपाडव्याला उघडला आणि गाडी शोकेसच्या पेटीत गेली ती संक्रांतीला. मी राहतो ठाण्यात, नौपाड्यात; नोकरी ऐरोलीला. म्हणजे हाताशी वेळ काय तो रात्री दहानंतरचा आणि रविवारचा. आधी दोन-तीन साधे कीट केले होते, पण इंजिनासकट रेसिंग गाडी पहिल्यांदाच. साचा जपानी आणि बऱ्यापैकी जुना. किंमत लिहीत नाही, हे बायको वाचते.

गाडी कोणती ते सांगायला हवं, कारण ९१७ म्हटलं की निम्मी दुनिया गल्फ या तेल कंपनीच्या रंगांतली निळी-नारिंगी गाडीच करते. मी केली २३ नंबरची, लाल-पांढरी, पोर्शे साल्झबुर्ग संघाची. १९७० साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत हिने जिंकली, पोर्शेचा तिथला पहिला एकंदर विजय. पाऊस असा झोडपत होता की सुटलेल्या पन्नासएक गाड्यांपैकी शेवटी निकालात जेमतेम सात राहिल्या. चालवणारे दोघे, हान्स हरमान आणि रिचर्ड ॲटवूड. हरमानने बायकोला शब्द दिला होता म्हणे, की ही जिंकली तर शर्यती सोडीन. जिंकला आणि खरंच सोडल्या. हा शेवटचा कीट, असा शब्द मीही घरात दिला होता. पण मी काही ल माँ जिंकलेली नाही.

आता डब्यातलं. बॉडीचा आकार बरोबर आहे, मापाला लागते: खरी गाडी ४.१ मीटरच्या आसपास, ही १७ सेंटीमीटर. पण मागच्या झाकणाची कड पाहिली आणि मन खट्टू झालं. प्लास्टिक जवळजवळ २ मिलिमीटर जाड. चोवीसने गुणा, ४८ मिलिमीटर झाले. खऱ्या गाडीचं फायबरग्लास पत्र्यासारखं पातळ होतं, आणि इथे घराच्या भिंतीसारखी कड! झाकण चिकटवलं तर ती दिसत नाही. उघडं ठेवायचं तर आतून तासायलाच हवी. दोन रविवार फक्त त्यात गेले, ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ६०० च्या वॉटर पेपरपर्यंत. एके ठिकाणी इतकं तासलं की उजेड आरपार दिसायला लागला. आतून काळा रंग मारून झाकलं.

बाकी त्या मागच्या भागाची, म्हणजे शेपटीची, गोष्ट भारी आहे. १९६९ मध्ये ही गाडी आली तेव्हा वेगात इतकी हेलकावे खायची की कसलेले ड्रायव्हरही तिच्यात बसायला कचरत. ऑस्ट्रियात झेल्टवेगला चाचणी चालू असताना कोणाच्या तरी लक्षात आलं की मेलेली चिलटं पुढे सगळीकडे चिकटलीत, पण मागच्या शेपटीवर एकही नाही. म्हणजे हवा तिथे टेकतच नव्हती. मग तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपूट आखूड आणि वर चढती केली. ९१७ के मधला ‘के’ तो, कुर्झहेक, आखूड शेपूट. पॉलिश पेपर घासताना मला ती चिलटं सारखी आठवायची. आमच्या गॅलरीत तीच येऊन ओल्या रंगावर बसायची.

आतली चौकट मात्र सुरेख ओतली आहे. मूळ गाडीत ती ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांची असायची आणि त्यात दाबाने गॅस भरायचे. दाब उतरला की कुठेतरी तडा गेला असं समजायचं. कीटचे भाग ज्या फ्रेमला जोडून येतात तिच्यातून कापतानाच माझ्या चौकटीची एक नळी मोडली. ते कळायला गॅस लागला नाही. प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट लावून जोडली, आता कुणाला सापडणार नाही. धारदार निपर असल्याशिवाय हे भाग कापायला जाऊ नका; नेलकटरने तर अजिबात नाही. मी आधी तेच केलं होतं.

इंजिनावर जरा रेंगाळतो, पैसे तिथेच वसूल झाले. १२ सिलिंडर, सहा इकडे सहा तिकडे आडवे, ४.५ लिटर, पाण्याऐवजी हवेने थंड होणारं, आणि वर परातीसारखा आडवा ठेवलेला मोठा पंखा. कीटमध्ये पंखा स्वतंत्र येतो, त्याची पाती वेगवेगळी दिसतात, छान. पण वायरी? एकही नाही. मुळात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे २४ प्लग आणि २४ वायरी. त्यांच्याशिवाय हे इंजिन कल्हई केलेल्या भांड्यासारखं दिसतं, चकचकीत आणि मुकं.

हिशेब केला. प्लगची वायर साधारण ७ मिलिमीटर जाड, भागिले २४, ०.३ मिलिमीटरच्या आत-बाहेर. परदेशातून खास वायर मागवता येते, पण मला वाइंडिंगची तार आठवली. ३० गेजची तार ०.३१ मिलिमीटर भरते. जांभळी नाक्याच्या पुढे पंखे-मोटारी रिवाइंड करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे गेलो.

‘‘३० गेज आहे का?’’

‘‘आहे की. किती किलो?’’

‘‘दोन मीटर.’’

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘कसली मोटर आहे?’’

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पंखा पाहिला, आणि म्हणाले, ‘‘ह्याला वाइंडिंग कुठाय?’’ समजावेपर्यंत मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी त्यांनी हातभर तार कापून कागदात गुंडाळली. ‘‘न्या अशीच. झाली की आणून दाखवा.’’

मग भोकं पाडणं. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये, ०.३ मिलिमीटरची बिट. दोन बोटांत धरायची, तळहाताने दाबायचं नाही, फक्त फिरवायचं. तीन बिटा मोडल्या, तिसरी डिस्ट्रिब्युटरच्या (जिथून प्लगच्या वायरी निघतात त्या भागाच्या) आतच राहिली, तिथे आता वायरीऐवजी ती बिटच खोचलेली आहे आणि वरून रंग दिला आहे. तार आधी मेणबत्तीवर जराशी तापवली की नरम होते आणि वळण धरते. न तापवता वळवली तर स्प्रिंगसारखी उसळते. दिसणारे तेवढेच १२ प्लग केले. पाच रात्री लागल्या. सहाव्या रात्री इंजिन दिव्याखाली धरलं तेव्हा बायकोपण उठून आली. काही बोलली नाही, पण दिवा जवळ ओढला.

आणखी एक छोटी गंमत. वजन वाचवायला खऱ्या गाडीत गिअरच्या दांड्याची मूठसुद्धा बाल्सा लाकडाची होती. कीटमध्ये ती काळ्या प्लास्टिकची. मी आगपेटीच्या काडीचं टोक तासून, मोहरीपेक्षा जरासा लहान गोळा करून बसवला. दरवाजातून पाहिलं तर उजव्या हाताला लाकडाचा एक ठिपका दिसतो. सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही, म्हणून मी सगळ्यांना सांगतो.

आता तक्रारी. पहिली माझ्याविरुद्ध: बॉडीला रंग जुलैत दिला. ठाण्यातला जुलै. लॅकर रंग वाळताना थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. लाल बॉडीवर अर्ध्या तासात दुधी धुकं आलं, जणू कुणी ताक सांडलंय. वरून रंग फवारायच्या कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं; ओलावा पकडणारी बाटली मी रिकामीच केली नव्हती. नेमकी पुढच्या चाकावरच्या उंचवट्यावर पिचकारी उडाली. सगळा रंग उतरवला आणि गणपती उरकेपर्यंत डबा माळ्यावर. तुम्ही आमच्या पट्ट्यात राहत असाल तर जून ते सप्टेंबर बॉडीला हात लावू नका. ते महिने इंजिन, चाकं, सीट यांना द्या. अगदीच राहवत नसेल तर एसी तासभर चालू ठेवा आणि थिनरमध्ये वाळणं लांबवणारा थोडा रिटार्डर घाला.

कंप्रेसरचा आवाज हा वेगळाच विषय. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा विचारायला आले, ‘‘पंप लागलाय का? पाणी आलं?’’ तिसऱ्या वेळी तर ते बादली घेऊनच आले होते.

दुसरी तक्रार डिकल्सची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांची. पांढरे पट्टे आणि गोल नंबरपाटी डिकलमध्ये येतात, पण लाल रंगावर लावले की पांढरा गुलाबी दिसतो. खालचा लाल वर येतोच. म्हणून उलटं केलं: आधी सगळी बॉडी पांढरी, पट्ट्यांवर टेप, मग लाल. टेपच्या कडेवर आधी पांढराच हात पुन्हा मारायचा, म्हणजे जे काही आत झिरपतं ते पांढरंच झिरपतं. डिकल्स फक्त नंबरांना आणि जाहिरातींना वापरले. माझा डिकलचा कागद तर आधीच पिवळट होता, विकणाऱ्याच्या गोदामात किती वर्षं पडलेला देव जाणे. झिपच्या पिशवीत घालून मेच्या उन्हात खिडकीला चार दिवस चिकटवला, बराच पांढरा झाला. हे मेमध्येच सुचलं ते बरं. डबाही एका कोपऱ्यात दबलेला आला होता. फोटो पाठवले, उत्तर अजून यायचंय.

तिसरी: काचा. हेडलाइटची झाकणं आणि पुढची काच पारदर्शक आणि पातळ आहेत, फार चांगल्या. सूचनापत्रात दाखवलंय तसं इन्स्टंट ग्लूने चिकटवू नका. वाफेने आतून पांढरी झाक येते, दमट हवेत तर लगेच. मी पांढरं फेविकॉल काडीच्या टोकाने लावलं. सावकाश वाळतं, चुकलं तर ओल्या कापडाने पुसता येतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं. तीन महिन्यांत एकही काच निघालेली नाही.

चाकं जरा आत बसतात, मडगार्डच्या कडेपासून बोटभर आत असल्यासारखी. मागच्या चाकांमागे पाऊण मिलिमीटरची चकती घातली की बरं दिसतं. खिशातल्या जुन्या सिमकार्डचं प्लास्टिक पुरलं.

संक्रांतीनंतर एक गोष्ट लक्षात आली, ती डब्यावर छापायला हवी. टायर मऊ व्हिनाइलचे आहेत. ते प्लास्टिकला घासून असले की हळूहळू त्यात उतरतात, रिम आणि पेटीचा तळ दोन्ही खराब करतात. माझ्या ॲक्रिलिक पेटीच्या तळावर मागच्या दोन चाकांचे तेलकट ठसे उमटलेत. मी चाकांखाली काचेच्या चार छोट्या पट्ट्या सरकवल्या, फोटो फ्रेमच्या फुटलेल्या काचेतून कापून घेतलेल्या. तुम्ही पेटी करायला टाकाल तेव्हा तळ काचेचाच सांगा, आणि उंचीला दोन इंच जास्त ठेवा. मी गाडीच्या उंचीने पेटी केली. झाकण उभं केलं की वरच्या ॲक्रिलिकला टेकतं, म्हणून ते शेजारी काढून ठेवावं लागतं.

रिवाइंडिंगवाल्या काकांना दाखवायला पेटीसकट घेऊन गेलो होतो गेल्या शनिवारी. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, वायरी मोजल्या, म्हणाले, ‘‘एक कमी आहे.’’ मोडलेली बिट त्यांनाच दिसली.