हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, आठ महिने वापरल्यावर

आठ महिन्यांपूर्वी बाइकचा हँडलबार बदलायला घेतला तेव्हा पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळची ब्रेक ऑइलची डबी) झाकणाचा एक स्क्रू माझ्या हातून गेला, डोक्यावरची चौफुली पार गोल झाली, आणि त्याच आठवड्यात मी हा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला. बॅटरीवाला नाही, मागे हातोडी मारली की पुढचा बिट (स्क्रूत बसणारं टोक) जरासा फिरतो तो. तेव्हापासून माझी आणि दोन मित्रांची अशा तीन गाड्यांचे हँडल, लिव्हर, ग्रिप, बार एंड (हँडलच्या टोकाची वजनं) सगळं यानेच खोललंय, त्यामुळे आता नीट लिहिता येईल.

याचा खरा फायदा फिरवण्याचा जोर नाहीये, जोर तर लांब पान्यानेही मिळतो. साध्या ड्रायव्हरने पिळायला गेलं की बिट वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खातो, इथे मात्र ज्या क्षणी फिरतं त्याच क्षणी हातोडी बिटला आत दाबून धरते, म्हणून घसरत नाही, आणि त्या धक्क्याने आट्यातला गंज पण तडकतो. बाहेरून ड्रायव्हरची मूठ घट्ट धरून सुटण्याच्या दिशेला आधीच ताण देऊन ठेवायचा आणि मग एकच खणखणीत घाव. हळूहळू दहा वेळा टकटक केलं तर काहीच होत नाही. आणि मारायच्या आधी दिशा बघा, माझा पहिल्यांदा घट्ट करायच्या बाजूला लावलेला होता.

सोबत आलेले बिट मात्र अजिबात चांगले नाहीत. २ नंबरचा बिट दुसऱ्याच महिन्यात टोकाला तुटला. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जपानी गाड्यांचे स्टार स्क्रू हे फिलिप्स (नेहमीचे चौफुलीवाले) नसतात, जेआयएस म्हणजे जपानी मानकाचे असतात, दिसायला सेम पण खाचेचा आकार वेगळा (काही स्क्रूंच्या डोक्यावर छोटा ठिपका असतो, ती त्याची खूण). फिलिप्स बिट त्यात पूर्ण तळाला टेकत नाही. मी जेआयएस बिट वेगळे आणले आणि तोवर जे दोन स्विच बॉक्सचे स्क्रू हलत नव्हते ते इम्पॅक्ट न वापरताच सुटले! म्हणजे अर्धी लढाई बिटचीच होती.

बार एंडसाठी मात्र हे हत्यार मला सर्वात जास्त आवडलं. त्या स्क्रूला बऱ्याचदा कंपनीतूनच थ्रेडलॉक (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद) लावलेलं असतं, आणि आतलं वजन रबरात बसवलेलं असेल तर एलन कीने पिळलं की सगळंच सोबत गोल फिरत राहतं, कितीही पिळा. घाव झटकन बसतो त्यामुळे आतलं वजन फिरायच्या आत स्क्रू सुटतो. तिथे आधी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यात पाचेक मिनिटं धरून ठेवलं, थ्रेडलॉक उष्णतेने मऊ होतं, लाल वालं, म्हणजे जास्त पक्कं, असेल तर मात्र २५० अंशांच्या आसपास लागतं. एक काळजी: गाडी साइड स्टँडवर असताना डाव्या टोकावर घाव घातला की गाडी स्टँडवरून उजवीकडे उचलली जाते, मित्राला पलीकडून धरून उभं केल्याशिवाय मारू नका.

मास्टर सिलिंडरच्या झाकणावर मात्र हे पूर्ण ताकदीने वापरू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे छोटा एम४ स्क्रू, पातळ ॲल्युमिनियमची कास्टिंग, आणि खाली आधार काहीच नाही, घाव सगळा लिव्हरच्या बाजूला आणि हँडलवर जातो. स्टील आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, ती आट्यात गच्च बसते, म्हणून तो एवढा चिकटतो. माझा तो गोल झालेला स्क्रू शेवटी असा काढला: टाकीवर ओला टॉवेल टाकला (ब्रेक ऑइल रंग खातं, पडलं तर लगेच पाणी), स्क्रूच्या दांड्याहून किंचित मोठ्या ड्रिलने फक्त डोकं कापलं, झाकण उचललं, आणि वर राहिलेला तुकडा व्हाइस ग्रिपने (लॉक होणारी पक्कड) धरून आधी घट्ट करायच्या बाजूला केसभर फिरवला, मग उलट. बारीक कर्र असा आवाज आला आणि पांढरी पूड बाहेर सांडली. आट्यात मुरणारं, गंज सोडवणारं ऑइल आदल्या रात्रीच लावलं होतं. दहा मिनिटांत त्याने काही होत नाही. उष्णताही मदत करते कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, पण ब्रेक ऑइल आत असताना तिथे हीट गन नाही.

अजून एक, काही यामाहा गाड्यांना उजव्या आरशाला उलटे आटे असतात. मित्र अर्धा तास तो "जाम झालाय" म्हणून घट्टच करत होता, आणि मी इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन तिकडे निघालोच होतो.

हत्याराची हालत म्हणाल तर आतली स्प्रिंग आणि कॅम अजून नव्यासारखे, मधे एकदा खोलून ग्रीस भरलं तेवढंच. मागच्या टोकाला घावाने कड फुटायला लागलीय, ती मी कानसने काढतो, चष्मा घालूनच वापरतो.

परत बसवताना सगळ्या छोट्या स्क्रूंना अँटी सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) पातळसं लावलं, आणि टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, जरा कमीच ठेवला, कारण वंगण असलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ओढला जातो. थ्रेडलॉकच्या जागी मात्र थ्रेडलॉकच. परवा ब्रेक ऑइल बदलायला तेच झाकण उघडलं, दोन्ही स्क्रू साध्या ड्रायव्हरने, दोन बोटांनी सुटले.