स्फिंक्स: वेब, पीडीएफ आणि ईपबमधल्या लिंक्सची कसोटी

एकाच मूळ मजकुरातून वेबसाइट, पीडीएफ आणि ईपब (ई-पुस्तक) काढायचे ठरवले की तांत्रिक माहितीपुस्तिकेत सर्वांत आधी लिंक्स बिघडतात. 'एक फोल्डर वर जाऊन इन्स्टॉलेशनचे पान उघडा' असे सांगणारी सापेक्ष लिंक वेबवर बिनचूक चालते. पीडीएफमध्ये मात्र ते पान स्वतंत्र फाइल म्हणून उरलेलेच नसते. म्हणून सगळीकडे पूर्ण वेब-पत्ता द्यावा, तर पीडीएफ वाचणारा पुढच्याच प्रकरणासाठी ब्राउझरमध्ये जाऊन पडतो, आणि त्याच्या हातात जुन्या आवृत्तीची पुस्तिका असली तरी समोर नव्या आवृत्तीचे पान येते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजांसाठी तयार झालेले आणि २००८ साली प्रसिद्ध झालेले स्फिंक्स हे दस्तऐवज तयार करणारे सॉफ्टवेअर हा प्रश्न मुळापासून सोडवते. लेखकाने मार्ग लिहायचाच नाही. शीर्षकाच्या वर एक लेबल ठेवायचे आणि 'रेफ' ही खूण वापरून त्या लेबलाचा निर्देश करायचा. मग वेबसाठी सापेक्ष मार्ग आणि पीडीएफसाठी अंतर्गत उडी स्फिंक्स स्वतः तयार करते. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी लिंक शाबूत राहते, शीर्षक बदलले तर लिंकचा मजकूरही आपोआप बदलतो, आणि लेबल सापडले नाही तर बिल्डच्या वेळी, म्हणजे मूळ मजकुरातून ही रूपे तयार होताना, इशारा मिळतो. इशाऱ्यालाच चूक मानून बिल्ड अयशस्वी ठरवण्याची सोय आहे. ती प्रत्येक प्रकल्पात चालू असावी, असे माझे ठाम मत आहे.

छापील प्रतीचा विचारही यात आहे, ही मला विशेष मोलाची गोष्ट वाटते. कागदावर क्लिक करता येत नाही, म्हणून पीडीएफमध्ये अंतर्गत संदर्भापुढे पृष्ठक्रमांक आणि बाहेरच्या लिंकचा पूर्ण पत्ता तळटीपेत छापता येतो. दोन्ही सोयी मुळात बंद असतात, त्या सेटिंगमधून चालू कराव्या लागतात.

उणिवाही आहेत. कोणी थेट एचटीएमएल फाइलचे नाव लिहून लिंक दिली, तर नेहमीच्या बिल्डमध्ये कसलाही इशारा येत नाही. बाहेरच्या लिंक्स तपासणारा 'लिंकचेक' वेगळा चालवावा लागतो. दुसऱ्या प्रकल्पाच्या दस्तऐवजांशी जोडणारे 'इंटरस्फिंक्स' उत्तम आहे, पण त्याला दिलेला पत्ता 'लेटेस्ट'चा, म्हणजे नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेणारा, असेल तर आवृत्तीचा तोच घोळ पुन्हा उद्भवतो. तिथे आवृत्तीचा क्रमांक असलेलाच पत्ता द्यावा.