गुडघे सांभाळून धावायला लागायचंय: सलग, चालत-धावत की आधी नुसतं चालणं?

चाळिशीच्या आसपास कुणी धावायला लागायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा गुडघ्यांची होते. भीती खोटी नाही, पण तिचा रोख धावण्यावर असतो. हा रोख सुरुवात कशी करायची यावर असायला हवा. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या एका विश्लेषणात हौशी धावणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांत खुब्याची किंवा गुडघ्याची झीज आढळली. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत हे प्रमाण १०.२ टक्के होतं आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३. हे आकडे जपून वाचायचे, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावणं सोडतात आणि हौशी गट आपोआप निरोगी दिसतो. तरीही ‘धावलं की गुडघे जातातच’ हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तपुरवठा नसतो. दाब पडला की तिच्यातला द्रव बाहेर जातो, दाब सुटला की सांध्यातलं वंगण आत शिरतं आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं. बेतानं पडणारा भार तिला हवाच असतो.

खरी गडबड वेळापत्रकाची आहे. नव्यानं धावणाऱ्याचा दम काही आठवड्यांतच सुधारतो, स्नायूही फार मागे राहत नाहीत. हाडं, टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन), गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा यांना मात्र महिने लागतात. दम टिकतोय म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि दीड-दोन महिन्यांत नडगी, टाच किंवा वाटीभोवती दुखायला लागतं. म्हणून सुरुवातीच्या पद्धती मी एकाच कसोटीवर तोलते: या मागे राहिलेल्या भागांना ती पुरेसा वेळ देते का?

तीन वाटा

सलग सावकाश धावणं ही सगळ्यांत सोपी वाटणारी वाट. घड्याळ नको, गणित नको. निघायचं आणि थांबेपर्यंत धावायचं. पंचविशीतल्या, फुटबॉल किंवा कबड्डी खेळणाऱ्या, दर पंधरा दिवसांनी एखादा गड चढणाऱ्या माणसाला ती चालून जाते, कारण त्याच्या पायांना धक्क्यांची सवय असते. दिवसाचे नऊ तास खुर्चीत जाणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. दहा-बारा मिनिटांनंतर तो थकतो, मग पावलं लांब पडायला लागतात, टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते आणि शेवटचा किलोमीटर सगळ्यांत वाईट ढंगानं धावला जातो. हिशेब करून बघा: किलोमीटरला ८ मिनिटं आणि मिनिटाला १६० पावलं धरली, तर एका किलोमीटरमध्ये १२८० पावलं होतात. प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत येतो. ढंग बिघडल्यावर पडणारी पावलं कमी करणं आपल्या हातात असतं.

चालत-धावत ही पद्धत नेमकं तेच करते. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी सत्तरच्या दशकात नवशिक्यांना शिकवताना ती रुजवली. त्यांच्या पद्धतीत चालण्याचे टप्पे पहिल्या मिनिटापासून ठरलेले असतात, दम लागण्याची वाट बघायची नसते. बहुतेक नवशिके हीच चूक करतात: पाय ओढत धावतात आणि अगदीच होईना तेव्हा चालतात. तोवर जे दुखायचं ते दुखावलेलं असतं.

याच विचाराची दुसरी, जास्त प्रसिद्ध आवृत्ती म्हणजे ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटरपर्यंत. १९९६ साली जॉश क्लार्क यांनी आखलेला हा ९ आठवड्यांचा कार्यक्रम आठवड्यातून तीन दिवस असतो. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं झपझप चालणं आणि मग २० मिनिटं ६० सेकंद धावणं, ९० सेकंद चालणं असं आलटून पालटून. सुरुवात अतिशय शहाणी आहे. पण पाचव्या आठवड्यात एक मोठी उडी येते: दुसऱ्या दिवशी ८ मिनिटांचे दोन तुकडे आणि लगेच तिसऱ्या दिवशी २० मिनिटं सलग. तिशीच्या आतल्यांना ती जमून जाते. चाळिशी-पन्नाशीच्या माणसानं इथे हटकून थांबावं, चौथा आठवडा पुन्हा करावा, हवं तर पाचव्याचे पहिले दोन दिवस दोन आठवडे करावेत. नऊचे चौदा आठवडे झाले तर काही बिघडत नाही.

या दोघांतला खरा फरक शेवटाचा आहे. काउच टू फाइव्ह के मध्ये चालणं ही तात्पुरती काठी असते, नवव्या आठवड्यात ती सुटते. गॅलोवे पद्धतीत चालणं कायम राहू शकतं, अगदी पूर्ण मॅरेथॉनमध्येसुद्धा. सांध्यांची काळजी ज्यांना मनापासून आहे त्यांनी गॅलोवे पद्धतीकडे झुकावं असं माझं स्पष्ट मत आहे. ‘मध्ये चाललो म्हणजे धावलोच नाही’ असं मानणाऱ्या मित्रमंडळींकडे खुशाल दुर्लक्ष करा.

तिसरी वाट म्हणजे सहा-आठ आठवडे नुसतं झपझप चालणं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे धक्का धावण्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २७-२८ च्या वर असलेल्यांनी, जुनी लिगामेंटची दुखापत असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी. आठवड्यातून पाच दिवस, ३० ते ४० मिनिटं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतका वेग. या वाटेची मर्यादा एवढीच की चालून चालून पाय धावायला पूर्ण तयार होत नाहीत. धावताना लागणारी उसळी टाचेमागच्या शिरेला चालण्यातून मिळत नाही. त्यामुळे रोज ५ किलोमीटर चालणाऱ्यानं एका सकाळी ५ किलोमीटर धावायचं नाही. त्यालाही ६० आणि ९० सेकंदांपासूनच जायचं आहे. सायकल आणि पोहण्याचंही तेच. हृदयासाठी दोन्ही उत्तम, मधल्या सुट्टीच्या दिवसांसाठी तर फारच चांगली, पण धावण्याची तयारी म्हणून अपुरी.

धावायचं कुठे

‘डांबरावर धावू नका, मातीवर धावा’ हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच खरा आहे. जमीन मऊ असेल तर शरीर पाय आपोआप थोडा ताठ करतं, कडक असेल तर थोडा सैल. त्यामुळे सांध्यापर्यंत पोहोचणाऱ्या धक्क्यात वाटतो तेवढा फरक पडत नाही. जमीन किती सपाट आणि भरवशाची आहे, हे नवशिक्यासाठी जास्त महत्त्वाचं.

शिवाजी पार्कसारखं मातीचं मैदान मिळालं तर दुसरीकडे बघू नये. सपाट, मोकळं आणि कधीही थांबता येण्यासारखं. पावसाळ्यात चिखल होतो तेवढे महिने सोडायचे. मरीन ड्राइव्हचा पदपथ कडक असला तरी सपाट आणि सलग आहे. चालत-धावत पद्धतीला चालेल. गल्लीतल्या रस्त्यांचा त्रास कडकपणापेक्षा उताराचा असतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला झुकलेला असतो, आणि रोज एकाच कडेनं धावलं की एका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं. पहाटे रहदारी नसताना जाता-येता बाजू बदलावी.

पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाईचा मोह होणारच, आणि झाडीत धावण्यासारखं सुख नाही हेही खरं. पण सुरुवातीला टेकडीवर फक्त चढायला जावं. चढाला दम लागतो, पण धक्का कमी बसतो. उतारावर उलटं: दम लागत नाही म्हणून वेग वाढतो आणि मांडीचे पुढचे स्नायू व वाटी यांना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. चढताना धावा-चाला, उतरताना निव्वळ चाला. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आधी यवतेश्वरच्या घाटानं चढते आणि मग उतरते. पहिल्या वर्षाचं लक्ष्य म्हणून ती निवडू नये ती या उत्तरार्धामुळे.

वाळूचं आकर्षण मोठं आणि गैरसमजही मोठा. कोरड्या, भुसभुशीत वाळूत तेवढंच अंतर धावायला कडक जमिनीच्या साधारण दीडपट शक्ती लागते आणि टाच खोल रुतल्यानं पोटरी व टाचेमागची शीर ताणली जाते. मिरामारला किंवा कोकणातल्या एखाद्या रुंद किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू मिळाली तर थोडं धावावं, तेही बूट घालून. ट्रेडमिल पावसाळ्यासाठी चांगला पर्याय आहे: सपाट, वेग ठरवता येणारा, कधीही थांबता येणारा. कंटाळा हा त्याचा एकच दोष.

बूट आणि पावलं

जाड सोलचे की पातळ? पातळ, सपाट सोलचे बूट आणि अनवाणी धावणं गुडघ्यावरचा भार कमी करतात, पण तो भार नाहीसा होत नाही, पोटरी आणि पावलाच्या हाडांवर सरकतो. नवशिक्याचे तेच भाग कच्चे असतात. म्हणून पहिल्या वर्षी साधे, मध्यम जाडीचे, टाचेला थोडी उंची असलेले आणि दुकानात चार पावलं धावून आरामदायी वाटलेले बूट घ्यावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महाग जोडी दुखापत टाळते असं नाही. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोडी बदलावी.

बुटांहून स्वस्त आणि जास्त उपयोगी उपाय म्हणजे पावलं आखूड करणं. एका मिनिटात किती पावलं पडतात ते मोजा. १६० असतील तर त्याच वेगात १६८ करून बघा. एवढ्या पाच टक्क्यांच्या बदलानंही गुडघ्यावरचा भार कमी होतो. जोडीला आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न लावता उठ-बस, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं करा.

दुखलं तर

दहापैकी दोन-तीन इतपत दुखणं, जे धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नाही, ते चालवून घ्यावं. सकाळी जिना उतरताना जाणवलं तर एक पायरी मागे: कमी मिनिटं, तेवढेच दिवस. सांधा सुजला, अडकला, पाय अचानक सुटल्यासारखा वाटला, किंवा नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखलं तर धावणं बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली असेल किंवा चालताना छातीत भरून येत असेल, तर पहिल्या दिवसाच्या आधीच डॉक्टरांना विचारावं.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. दसऱ्याचा मुहूर्त धरून सुरुवात करणाऱ्याच्या हातात तीन-साडेतीन महिने असतात. तेवढ्यात चालत-धावत ५-६ किलोमीटर आरामात होतात. १० किलोमीटरला पुढच्या वर्षी उतरावं आणि २१ला त्याच्याही पुढच्या.