शेतघराभोवती सापांसाठी: गिनी फाउल की राजहंस?

मुळशी, वेल्हे, पानशेतच्या बाजूला ज्यांची शेतघरं आहेत, त्यांच्यात साप लांब ठेवायला गिनी फाउल (कोंबडीसारखा, ठिपक्यांचा पाळीव पक्षी) पाळावेत की राजहंस, हा विषय पावसाळ्याच्या तोंडावर निघतोच. मी पौडच्या पुढे दोन्ही पाळले आहेत. गावठी कोंबड्या या तुलनेत धरत नाही. त्या सापाचं पिल्लू टिपतात, पण त्यांची अंडी आणि पिल्लं नागालाही आवडतात.

आधी गिनीबद्दल, कारण तिची बाजू खरंच भक्कम आहे. थवा दिवसभर बांध, कुंपण, सरपणाचा ढीग पालथा घालत हिंडतो. किडे आणि गोचिडी तर कमी होतातच, शिवाय वळवळणारं काही दिसलं की सगळ्या मिळून कडं करतात. मोटरघराच्या पायरीशी हे मी जवळून पाहिलं आहे. माना ताणलेल्या, एक पाऊल पुढे, एक मागे, आणि करवत चालल्यासारखा आवाज थांबायचं नाव नाही. मधला साप हळूहळू दगडांच्या फटीकडे सरकत होता. ती धामण होती. उंदीर खाणारी, बिनविषारी, शेतावर हवीच अशी. गिनीला नाग आणि धामण सारखेच. शिवाय ससाणा, अनोळखी गाडी, उडणारी पिशवी, सगळ्यालाच ती तसंच ओरडते, त्यामुळे काही दिवसांनी घरातलं कुणी उठून बघत नाही.

अंधार पडला की गिनी झाडावर बसते. मण्यार तर निघतेच रात्री, आणि घोणसही उकाड्याच्या दिवसांत बहुतेक रात्रीच फिरते.

तरीही एवढं मी चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते अंड्यांपायी. गिनीला खुराड्यात अंडी घालायची सवय लावणं फार कठीण. ती आडोसा शोधते, आणि एकीने जागा धरली की बाकीच्याही तिथेच घालतात. आमच्याकडे घाणेरीच्या जाळीत असा मोठा साठा निघाला. हा हंगाम नेमका पावसाळ्याचा. गवत गुडघ्याच्या वर, नाग अंड्यांच्या वासावर, आणि घोणशीची पिल्लं याच सुमारास बाहेर पडलेली. (घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस सहज.) अशा जाळीत हात घालून अंडी काढायची. आमच्या शेतावरच्या मावशी म्हणाल्या, "दादा, साप हाकलायला पाखरं आणली, आन् आता सापाच्या घरात मीच हात घालू व्हय?" माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

राजहंस साप खात नाही, ही अपेक्षाच ठेवू नका. तो करतो ते वेगळं: चरतो. पाच-सहा पक्षी असले की घराभोवतीचं गवत आखूड राहतं, आणि उघड्यावरून जायला साप कचरतो. झोप फार सावध असते, रात्री ओट्याजवळ काही हललं तरी कलकलाट करतो. अंडी पेंढा टाकून दिलेल्या कोपऱ्यात सापडतात. माझ्या अनुभवात त्यांच्या गोंगाटाला दर वेळी काही ना काही कारण निघालं. कधी उदमांजर, एकदा पडवीच्या कडेला मण्यार. सर्पमित्राला बोलावून ती हलवली.

त्रास आहेत. ओट्यावर विष्ठा, रोज धुवावी लागते. अंड्यांच्या दिवसांत नर पाहुण्यांच्या अंगावर जातो, त्यामुळे घरात अगदी लहान मूल असेल तर मी थोडं थांबायला सांगेन. पाण्याचं टब लागतं, ते घरापासून लांब ठेवून रोज ओतून टाकायचं, नाहीतर बेडूक जमतात आणि त्यांच्यामागे साप.

जमीन मोठी, शेजार लांब आणि त्रास मुख्यतः गोचिडीचा असेल, तर गिनीला नाही म्हणणार नाही. चार गुंठ्यांतलं घर, रात्री मुक्काम, हाताखाली माणसं कमी, असं असेल तर माझा कल राजहंसाकडे. बिबट्याचा वावर आहे, तेव्हा कोणतेही पक्षी घेतले तरी रात्री जाड जाळीचं, वरून बंद खुराडं हवंच. मण्यारीसाठी खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं याला कोणताही पक्षी पर्याय नाही. पिल्लं घेतलीत तर ती तुमच्या घराला लवकर सरावतात. खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि सांडलेला दाणा दिवेलागणीआधी झाडून घ्या, कारण उंदीर आले की नाग त्यांच्या मागावर येतोच.